डिस्चार्ज बुकात आईचं नाव वेगळंच आहे

पत्राचा सारांश: पत्रलेखक ४८ वर्षांचे, मूळ सातारा जिल्ह्यातले, नोकरीमुळे ठाण्यात. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९६३ साली भरती झाले, १९८१ साली हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आले आणि गेल्या वर्षी वारले. ७५ वर्षांच्या आईची फॅमिली पेन्शन अडली आहे. वडिलांच्या डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळणाऱ्या सेवा-पुस्तकात) पत्नी म्हणून लिहिलेलं नाव आईच्या आधार कार्डावरच्या नावाहून पूर्ण वेगळं आहे आणि लग्नाची तारीखही घरात सांगतात त्याच्या दोन वर्षं आधीची आहे. धाकटे चुलते, घरातले नाना, म्हणतात, ‘बेळगावची फाईल उकरू नकोस.’ (पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे.) त्यामुळे वडिलांचं आधी एक लग्न झालं होतं की काय, अशी शंका मुलाच्या मनात बसली आहे. तालुक्यातला एक एजंट पंचवीस हजारांत ‘दोन अ‍ॅफिडेव्हिटवर’ काम करून देतो म्हणतो. शिवाय पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांची दुसऱ्या महायुद्धातली दोन पदकं सापडली आहेत, एक ताऱ्याच्या आकाराचं, एक गोल. माहितीच्या अधिकारात वडिलांची आणि आजोबांची संपूर्ण फाईल मागवावी, की एजंटला पैसे देऊन विषय मिटवावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर:

नानांशी तुम्ही बोललात, एजंटशी बोललात, मित्राच्या वकील मेहुण्याचा सल्ला घेतलात आणि आता मला लिहिलंत. ज्यांची पेन्शन अडली आहे त्या तुमच्या आईंना मात्र काहीच विचारलेलं नाही. ‘या वयात तिला त्रास नको’ हे तुमचं कारण. ते मायेपोटी आलंय हे कळतं. पण ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे, त्याचं उत्तर त्यांना पन्नास वर्षांपासून माहीत असण्याची शक्यता फार मोठी आहे. शिवाय अर्जदार त्या आहेत. प्रतिज्ञापत्रावर सही किंवा अंगठा त्यांचाच लागणार. त्यांना अंधारात ठेवून हे काम होणारच नाही, मग तुम्ही बेळगावला लिहा नाहीतर एजंटला धरा.

आता ती शंका. तुम्ही धरून चाललात की नावं दोन म्हणजे बायका दोन. तुमच्या आईंचं लग्न झालं त्या काळात आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव सर्रास बदलत. नवरदेवाने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि दुसऱ्या दिवसापासून घरादाराने त्या नावाने हाक मारायची. माहेरचं एक, सासरचं एक आणि सासूने ठेवलेलं लाडाचं किंवा रागाचं तिसरं, अशी एकाच बाईची तीन नावं गावोगाव सापडतात. जवान वार्षिक सुट्टीवर यायचा, लग्न उरकायचा, परत पलटणीत जायचा आणि कंपनीच्या क्लार्कला सांगायचा, ‘लग्न झालं, बायकोचं नाव लिहा.’ त्या घटकेला वडिलांच्या तोंडी कोणतं नाव आलं असेल? कदाचित स्थळ सांगून आलं तेव्हापासून कानावर असलेलं माहेरचं. आधार कार्ड निघालं तेव्हा मात्र आईंनी रेशन कार्डावरचं, म्हणजे सासरचं नाव सांगितलं असणार.

तारखेचंही तसंच. ‘दुष्काळाच्या आदल्या वैशाखात’ असं लग्न आठवणाऱ्या घरांत इंग्रजी तारीख अंदाजाने सांगितली जायची. घरात सांगतात ती बरोबर आणि पुस्तकातली चूक, असं तुम्ही गृहीत धरलंय. उलटंही असू शकतं.

शंका फेडायला बेळगाव गाठायचीही गरज नाही. डिस्चार्ज बुकात कुटुंबाचा तपशील असतो. त्यात मुलांची नावं आणि जन्मतारखा आहेत का पाहा. लष्करात जवानाचं लग्न, मुलाचा जन्म, घरातला मृत्यू, अशी प्रत्येक घटना ‘पार्ट टू ऑर्डर’ने नोंदली जाते आणि तिथून त्याच्या कागदांत जाते. तुम्ही आणि तुमची भावंडं वडील नोकरीत असताना जन्मलेली दिसता. तुमचे जन्म त्याच एका पत्नीच्या नोंदीपुढे आले असतील, मध्ये कुठे पत्नीच्या मृत्यूची किंवा दुसऱ्या लग्नाची नोंद नसेल, तर त्या नावाची बाई म्हणजे तुमची आई, हे जवळपास ठरलंच.

आणि तसं नसेल तर? तीही शक्यता नाकारत नाही. पहिली पत्नी लवकर गेली आणि मग तुमच्या आईंशी लग्न झालं, असं असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. बाळंतपणात बाया दगावण्याचा तो काळ होता. कागदोपत्री पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा पुरावा आणि दुसऱ्या लग्नाचा पुरावा द्यावा लागेल, वेळ जास्त जाईल, पण पेन्शनचा हक्क जात नाही. अवघड होईल ते पहिली पत्नी हयात असतानाच दुसरं लग्न झालं असेल तर. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला १९४६ पासून बंदी आहे आणि अशा लग्नातल्या पत्नीच्या पेन्शनचा प्रश्न सरळ सुटत नाही. (मुलं मात्र कायद्याने औरसच, तेवढी धास्ती मनातून काढा.) तसं निघालं तर लष्करी पेन्शनची प्रकरणं चालवणारा वकील गाठा. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतच आहे. पण आज हातात पुरावा काय आहे? एक वेगळं नाव, एक वेगळी तारीख आणि नानांचं एक वाक्य. एवढ्यावर मी तरी कुणाचं दुसरं घर उभं करणार नाही.

एजंटचा मार्ग मला खर्चापेक्षाही धोक्यासाठी नको वाटतो. तो तुमच्या आईंकडून शपथेवर लिहून घेणार की ‘दोन्ही नावं माझीच’. ते खरं असेल तर तेच प्रतिज्ञापत्र तुम्ही मुद्रांकाच्या आणि नोटरीच्या खर्चात स्वतः करू शकता. ते खोटं असेल तर शपथेवर खोटं बोलल्याचा ठपका एजंटवर येत नाही, पंचाहत्तर वर्षांच्या बाईंवर येतो, आणि पुढे वसुलीची नोटीस आली तर तीही त्यांच्याच नावाने येते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी खरं काय ते आईंकडून समजून घ्या, मग शपथ.

विचारताना ‘बाबांचं आधी लग्न झालं होतं का’ असं तोंडावर फेकू नका. पुस्तक त्यांच्या हातात द्या, ते नाव वाचून दाखवा आणि गप्प बसा. ‘अगं बाई, हे तर माझं माहेरचं नाव’ असं उत्तर आलं तर तुमच्याच चेहऱ्याकडे त्या चमत्कारिक नजरेने पाहतील, एवढंच.

नाना ‘उकरू नकोस’ म्हणतात त्याला लग्नाखेरीजही कारणं असू शकतात. फौजेच्या कागदांत बायकोमुलांइतकंच बाकीचंही लिहिलेलं असतं. सुट्टी संपून उशिरा हजर झाल्याची शिक्षा, ज्याला जवान ‘रेड इंक एंट्री’ म्हणतात ती, हॉस्पिटलातले दिवस, दारू, हुद्दा उतरवून काढून घेतलेली फीत. भावाने धाकट्या भावाला एखाद्या रात्री काही सांगितलं असेल आणि ते पुतण्याच्या हाती कागदावर पडू नये असं त्यांना वाटत असेल. त्यांना सरळ सांगा, ‘मला फक्त आईच्या नावाची दुरुस्ती हवी आहे, बाकीचं मी मागवत नाही.’ बहुतेक तिथेच त्यांचा आवाज खाली येईल.

आणि खरंच मागवू नका, निदान आत्ता. संपूर्ण फाईल हवी ही तुमची इच्छा मी समजू शकतो. वडील गेल्यावर त्यांचं तरुणपण कुठेतरी लिहिलेलं आहे हे कळलं की ते वाचावंसं वाटतंच. पण पेन्शन आणि कुतूहल ही दोन वेगळी कामं आहेत. एका अर्जात बांधलीत तर दोन्ही लांबतील. ‘वडिलांची सर्व कागदपत्रं द्या’ या मागणीवर कार्यालयाला नकाराची किंवा वेळ काढण्याची जागा जास्त मिळते. ‘अमुक आर्मी नंबरच्या हवालदाराच्या किंड्रेड रोलमध्ये (कुटुंबाच्या नोंदपत्रकात) पत्नी व अपत्यांच्या कोणत्या नोंदी आहेत आणि त्या कोणत्या पार्ट टू ऑर्डरने झाल्या, त्यांच्या प्रती द्याव्यात’ या मागणीला उत्तर देणं त्यांनाही सोपं जातं.

सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून करा. साताऱ्याचं कार्यालय अशी प्रकरणं कायम हाताळतं. जिल्ह्यात इतके माजी सैनिक आहेत की तुमची अडचण त्यांना नवी वाटणार नाही. तिथल्या कल्याण संघटकाला भेटा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), वडिलांचा मृत्यू दाखला, आईंचं आधार आणि पॅन, बँकेचं पासबुक, असेल तर माजी सैनिकाचं ओळखपत्र आणि दोघांचा एकत्र जुना फोटो न्या. पीपीओवर पत्नीचं नाव आणि फॅमिली पेन्शनची नोंद आहे का ते तिथेच पाहून घ्या. जुन्या पीपीओंवर ती असेलच असं नाही, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नावातल्या फरकासाठी साधारणपणे प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातली जाहिरात मागतात. कुठे सरपंचाचा किंवा तलाठ्याचा दाखलाही. पण ऐकीव यादीवर खर्च करू नका. रेकॉर्ड ऑफिसकडून काय हवं ते लेखी मागवा, मगच एकेक कागद करा. आईंच्या माहेरच्या गावच्या शाळेत त्यांचं नाव दाखल असेल तर तो उतारा सगळ्यांत भारी. चौथीपर्यंतच गेल्या असतील तरी चालेल.

हे सगळं सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासह बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला जाईल. तिथे नोंद दुरुस्त झाली की प्रकरण प्रयागराजला, लष्करी पेन्शन मंजूर करणाऱ्या लेखा कार्यालयाकडे जातं आणि दुरुस्तीचा पीपीओ निघतो. पुढचं वाटप ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतून. यातल्या कोणत्याही टप्प्याला पंचवीस हजार लागत नाहीत. वेळ मात्र लागतो, आणि इथेच लोक एजंटकडे वळतात. म्हणून हे लक्षात ठेवा, की पेन्शन उशिरा मंजूर झाली तरी हिशेब वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून होतो. थकबाकी मिळते. तोवर आईंचा महिन्याचा खर्च भावंडांत वाटून घ्या, आणि ‘पेन्शन आली की देऊ’ या बोलीवर नव्हे.

माहितीचा अधिकार हे हत्यार दुसऱ्या फेरीचं. त्यातून माहिती मिळते, दुरुस्ती होत नाही, हा फरक बरेच जण विसरतात. बेळगावकडून पत्राला उत्तरच आलं नाही तर दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा, तोही आईंच्या सहीने. मुलाच्या नावे केलेल्या अर्जावर ‘ही त्रयस्थाची वैयक्तिक माहिती आहे’ असं उत्तर येऊ शकतं. विधवा पत्नीला तसं म्हणणं अवघड जातं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर प्रथम अपील. कायद्याच्या कलम ८ च्या पोटकलम ३ प्रमाणे वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टींची माहिती, सुरक्षेसारखे मोजके अपवाद सोडून, द्यावी लागते. तुमच्या वडिलांचं लग्न आणि तुमचे जन्म त्याहून कितीतरी जुने आहेत. अर्जात या कलमाचा उल्लेख करा, भांडणाच्या सुरात नको.

आता आजोबा. इथे तुमचं आणखी एक गृहीत मोडावं लागतंय. बेळगावला आजोबांचीही फाईल वडिलांच्या फाईलशेजारी पडून असेल असं तुम्हाला वाटतं. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे ते १९४६ साली फौजेतून घरी आले आणि त्यांना पेन्शन नव्हती. पेन्शन नसलेल्या जवानांचे सेवा-कागद पंचवीस वर्षं ठेवून नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. म्हणजे आजोबांची फाईल असलीच तर १९७०च्या दशकात गेली असण्याची शक्यता जास्त. उरतो तो ‘लाँग रोल’. तो नष्ट करत नाहीत. त्यात नंबर, हुद्दा, नाव, भरती आणि डिस्चार्ज असा ओळभर तपशील मिळतो. तुमच्यासाठी ती ओळ म्हणजे घबाड, कारण तिच्यातून बटालियन कळू शकते आणि बटालियन कळली की युद्धातला मार्ग कळतो.

पण त्याआधी ट्रंक उघडा. पदक घासू नका. चिंच लावून लख्ख करायचा मोह होतो आणि नेमकी अक्षरं झिजतात. गोल पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या मागच्या बाजूला भिंग धरून पाहा. ब्रिटिश जवानांना दुसऱ्या महायुद्धातली पदकं कोरी मिळाली, पण भारतीय जवानांच्या पदकांवर नंबर, नाव आणि पलटण पुष्कळदा कोरलेली असते. ताऱ्याच्या मधोमध राजाच्या मुद्रेभोवती मोहिमेचं नाव असतं: इटली, बर्मा, आफ्रिका किंवा नुसतं १९३९-१९४५. इटलीचा तारा असेल आणि फीत टिकली असेल, तर तिच्यात लाल, पांढरा, हिरवा रंग दिसेल.

इटली निघालं तर शोध बराच आखूड होतो. तिथे लढलेल्या मराठ्यांच्या पलटणींत पहिली आणि तिसरी बटालियन होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना तिसऱ्या बटालियनमध्ये १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर आणि शिपाई नामदेव जाधव यांना पहिल्या बटालियनमध्ये ९ एप्रिल १९४५ च्या, सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कागदावर पलटण ‘३/५’ अशी लिहिलेली दिसेल. ती तिसरी बटालियन, पाचवी मराठा, म्हणजे हीच मराठा लाइट इन्फंट्री. १९२२ च्या फेररचनेआधीचे आकडे निराळे होते: ११०वी मराठा ती पुढची तिसरी बटालियन, १०३वी ती पहिली. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होते असं ज्यांच्या घरी सांगतात त्यांनी हा बदल डोक्यात ठेवावा, नाहीतर चुकीच्या पलटणीच्या मागे वर्ष जातं.

बटालियनच्या युद्ध-रोजनिशी लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत तुमच्या आजोबांचं नाव सापडेल अशी आशा धरू नका. नावं येतात ती साहेबांची. जवान संख्येत मोजलेले असतात. मात्र ती पलटण कोणत्या तारखेला कोणत्या टेकडीवर होती ते दिवसागणिक कळतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या सूचीत आजोबा नाहीत म्हणून तुम्ही खट्टू झालात, पण ती सूची फक्त मृतांची आहे, दुसऱ्या महायुद्धापुरती ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातली. आजोबा त्यात नाहीत, कारण ते घरी आले. ज्यांचं माणूस परतलं नाही त्यांनी ती जरूर पाहावी. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव आणि गाव असतं. कोकणातल्या बोटीवरच्या माणसांची नावंही त्यात आहेत. शोधताना इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी करून बघा आणि जिल्हाही जुना घाला: आजचं रायगड तेव्हा कुलाबा, सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी, सांगलीकडची बरीच गावं तेव्हा साताऱ्यात, आणि औंध-फलटणसारखी संस्थानं वेगळीच.

तुमच्या आजी हयात नाहीत, त्यामुळे आजोबांच्या कागदांतून आर्थिक असं काही येणार नाही. त्याला घाई नाही. आईंची पेन्शन सुरू होऊ द्या. मात्र ज्यांच्या आजी अजून आहेत त्यांनी हेच काम आधी करावं. दुसऱ्या महायुद्धातल्या, पेन्शन नसलेल्या सैनिकांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देतं आणि तिथेही सैनिक कल्याण कार्यालयच दार आहे.

रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे बदलतं, हे बाकीच्या वाचकांसाठी. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. नौदलाच्या नाविकांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. अधिकाऱ्यांचे कागद रेजिमेंटकडे नसतात, ते दिल्लीच्या मुख्यालयात.

आणि ज्यांचे वडील अजून हयात आहेत, त्यांनी या रविवारी डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आईचं आधार समोरासमोर ठेवून तिन्ही ठिकाणचं नाव आणि जन्मतारीख ताडून पाहावी. फरक निघाला तर पेन्शनरने स्वतः, स्वतःच्या सहीने केलेला दुरुस्तीचा अर्ज विधवेच्या अर्जापेक्षा खूप लवकर मार्गी लागतो. वडील म्हणतील, ‘मी मेल्यावर बघा.’ त्यांना नोंद दाखवा आणि सही घ्या.